रोख तिकडे, उधार इकडे

मी स्वभावाने भांडखोर नाही. बँकेत कॅशच्या खिडकीमागे वीस-बावीस वर्षे काढलेला माणूस भांडखोर राहूच शकत नाही. एक तर तो शांत होतो, नाही तर त्याची बदली होते. माझी फारशी बदली झालेली नाही, त्यावरून काय ते ओळखा. परंतु मध्यंतरी एका दुकानाच्या दारात एका पोराने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, तिला एक बिल्ला अडकवला, त्याचा जोडीदार माझ्या हातावर ठेवला आणि "साहेब, पिशवी बाहेर" असे म्हणून मला आत सोडले. तेव्हापासून डोक्यात जे घोंघावते आहे ते एकदाचे उतरवून काढावे म्हणतो. सौ.चे म्हणणे, त्यासाठी कोरे कागद नासू नका. तिचेही खरे आहे. त्या दुकानाची पावतीच हातभर लांब असते. तिच्याच पाठीवर लिहितो आहे.

दुकानाचे नाव सांगत नाही. पाटीवर मालकाच्या मुलीचे नाव आणि पुढे 'सुपर शॉपी' एवढे आहे. 'शॉपी' हा शब्द इंग्रजांना ठाऊक नसावा. इंग्रजी भाषेला ती महाराष्ट्राने दिलेली देणगी आहे. जिथे साबणापासून सोयाबीनपर्यंत सगळे मिळते आणि दार आपोआप उघडत नसले तरी आतून गार वारा येतो, ती शॉपी. दार उघडायला तोच पोरगा असतो, पिशवीवाला.

तुम्ही म्हणाल, इनामगावच्या बाजूला सुपरमार्केट चालते कसे? शिरूर तालुक्याच्या टोकाचा भाग, अलीकडे आम्ही, मध्ये घोड नदी आणि पलीकडे श्रीगोंदा. पण ऊस आहे, दूध आहे, आणि रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला जाणारी पोरे आहेत. पगार खात्यावर जमा होतो आणि खाते मोबाइलवर असते. पूर्वी पैसे काढायला माणूस बँकेत यायचा, मला नमस्कार करायचा आणि मग बाजारात जायचा. हल्ली तो परस्पर बाजारात जातो. माझ्या रागाचे हेही एक कारण असू शकेल. कबूल करून टाकतो म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको.

शिवाय आमचे गाव तसे लहान नाही. वयाने तर मुळीच नाही. इतिहासाच्या पुस्तकांत ते आहे. घोडेच्या काठावर पांढरीचे टेकाड आहे; 1968 ते 1983 डेक्कन कॉलेजने ते खणले. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर अशी मोठी माणसे. आमचे वडील तरुणपणी तिथे पाट्या उचलायला होते. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे गाव निघाले. रांगेने घरे, चुली, रांजण, पुराचे पाणी वळवून नेणारा पाट. जव पिकवत, मसूर, हुलगा, वाटाणा खात. मेलेल्या माणसाला घरातल्या जमिनीखालीच पुरत आणि पुरताना त्याचे पाय घोट्यापासून तोडत. त्याच्या भुताने उठून दुसरीकडे जाऊ नये म्हणून, असा अंदाज आहे. आमच्या गावातल्या किराणा दुकानदाराला, म्हणजे शेठला, ही प्रथा मी एकदा सांगितली होती. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "जित्या गिऱ्हाइकाचं काही नव्हतं का?"

वडील सांगत, एक पाच खोल्यांचे घर सापडले, गावच्या मुख्याचे असावे असे साहेब लोक म्हणाले. आणि त्याला लागून धान्याचे कोठार. सगळ्यांनी धान्य तिथे भरायचे, आणि अडीनडीला तिथूनच निघायचे, असा काहीसा तर्क. वडिलांचा तर्क सोपा होता. "म्हंजे तवाबी शेठ होता."

तर शॉपी. पहिल्या खेपेला सौ. आणि मी जोडीने गेलो. आत गेल्यावर एक जाळीची गाडी हातात आली. ही गाडी मी लहान मुलाच्या बाबागाडीसारखी ढकलत होतो आणि ओळखीचे कुणी दिसले की सोडून देत होतो. ही लाज फक्त माझीच नाही, हे पुढे वाचनात आले. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत गोल्डमन नावाच्या दुकानदाराने 1937 साली ही गाडी पहिल्यांदा आणली, तेव्हा तिला कुणी हात लावेना. पुरुषांना ती बायकी वाटली, आणि बायका म्हणाल्या, बाबागाड्या काय कमी ढकलल्या? शेवटी त्याने पगार देऊन माणसे ठेवली आणि त्यांना दुकानात गाड्या ढकलत फिरवले. ती फिरताना पाहून मग खरी गिऱ्हाइके ढकलू लागली. गाडीचा गुण असा की ती रिकामी बरी दिसत नाही. हातातली पिशवी जड झाली की मनगट सांगते, आता पुरे. गाडीला मनगट नाही.

त्याच्याही आधी, 1916 साली, मेंफिस गावात साँडर्स नावाच्या गृहस्थाने माल फळ्यांवर मांडला आणि गिऱ्हाइकाला सांगितले, तूच उचल. तोपर्यंत तिकडेही शेठच पुड्या बांधत असे. थोडक्यात, नोकराचे काम गिऱ्हाइकाला दिले, आणि गिऱ्हाईक खूश झाले! वाणिज्य शाखेत तीन वर्षे घालवूनही एवढी हुशारी आम्हांला कुणी शिकवली नाही. आम्हांला कीर्द आणि खतावणी शिकवली.

सौ. मात्र खरोखरच खूश होती. तिने तांदळाच्या सहा तऱ्हा हाताने चाळल्या. डाळ नाकाशी नेली. मागे ठेवली. पुन्हा उचलली. घरी येताना मी म्हणालो, "एवढं काय विशेष होतं?"

"अहो, सोळा वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली. "सोळा वर्षं मी शेठच्या फळीपुढे उभी राहते. तांदूळ दाखवा म्हटलं की म्हणतो, हाच चांगला आहे, घेऊन जा. माझ्या आधी आलेली मजुराची बाई उभीच असते, कारण पाटलीणबाई नंतर आल्यात. आणि बायकांच्या वापराचं काही हवं असलं तर गर्दी हटेपर्यंत मी उगीच हिंगाचा भाव विचारत बसते. तो पुडा वर्तमानपत्रात गुंडाळतो, त्यावर काळी पिशवी. जणू मी बॉम्ब नेते आहे. आज मी तो फळीवरून उचलला आणि गाडीत टाकला. कुणी पाहिलंसुद्धा नाही."

यावर मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही. म्हणून सांगतो, शेठच्या दुकानाची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. हल्ली ती फॅशन आहे. पुण्यामुंबईची शहाणी माणसे कोपऱ्यावरच्या वाण्याची आठवण काढून डोळे पुसतात. त्यांच्यापैकी कितीजणांना त्या फळीपुढे पैसे नसताना उभे राहावे लागले, देव जाणे. आम्हांला लागले आहे. मी सातवी-आठवीत असेन. आईबरोबर गोडेतेल आणायला गेलो होतो. हातात काचेची बाटली. आताच्या शेठचे वडील गल्ल्यावर होते. त्यांनी वही उघडली आणि चार माणसांत मोठ्याने म्हणाले, "मागची दोनशे बारा राहिलीत, बाई." आईने बाटली पदराखाली घेतली. तेल मिळाले. परंतु दोनशे बारा हा आकडा मी पुढे आयुष्यात कितीतरी स्लिपांवर पाहिला, आणि दर वेळी मला खोबऱ्याच्या आणि रॉकेलच्या मिसळलेल्या वासाने कसेसेच झाले.

आणि वहीचा इतिहास तर आमच्याच जिल्ह्याला विचारावा. 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात लोक वाणी-सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि हाती लागले ते कर्जरोखे न् वह्या त्यांनी जाळल्या. ते लोण भीमथडीतून इंदापूर, शिरूर, हवेली आणि नदीपलीकडे नगर जिल्ह्यातही गेले. सरकारने चौकशी केली, 1879 साली शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. इंग्लंडात रॉचडेलच्या विणकरांनी 1844 साली आपले सहकारी दुकान काढले तेव्हाही त्यांनी ठरवले, उधारी नाही. कारण उधारीवाला दुकानदार वाईट माल चढ्या भावाने गळ्यात मारतो आणि गिऱ्हाइकाला बोलायची सोय उरत नाही. मुंबईत नायगावला गिरणी कामगारांच्या वस्तीत 1948 साली ज्या संस्थेने दुकान काढले आणि जिचे पुढे 'अपना बाजार' झाले, ती काय, किंवा 1975 साली निघालेली मुंबई ग्राहक पंचायत काय, त्यांचे घोडे वाण्याच्या तावडीतून सुटण्यासाठीच पुढे निघाले होते. पंचायतीत तर शेजारची घरे एकत्र येऊन महिन्याची यादी करतात, माल एकदम येतो आणि बायाबापड्या तो आपसांत वाटून घेतात. अशा माणसांपुढे मी टोपी काढतो. तेव्हा वहीला मी देव्हाऱ्यात बसवत नाही.

माझे भांडण निराळे आहे, आणि ते दोघांशी आहे. एक त्या शॉपीशी. ते आधी उरकतो, कारण ते सोपे आहे.

शॉपीचे म्हणणे, गिऱ्हाईक हा राजा. राजाची पिशवी दारात काढून घेतात हे मी कुठल्याही बखरीत वाचलेले नाही. मी चोरी करीन असे तुम्हांला वाटते. ठीक आहे, बँकेतही आम्ही कुणावर विश्वास ठेवत नाही, त्याबद्दलच आम्हांला पगार मिळतो. पण मग मीही तुमच्यावर ठेवू नये ना? फळीवर चिठ्ठी असते एक भावाची, यंत्रावर टींग वाजते दुसऱ्या भावाने. मी ते दाखवले की गल्ल्यावरची मुलगी म्हणते, "काका, ती ऑफर काल संपली." संपलेली ऑफर फळीवरून उतरवायला माणूस नाही, माझी पिशवी धरायला मात्र आहे. आत येताना माझी कापडी पिशवी बाहेर राहते, बिल करताना तीच मुलगी विचारते, "पिशवी लागेल? दहा रुपये." आणि त्या दहा रुपयांच्या पिशवीवर त्यांच्याच दुकानाची जाहिरात! सैन्यात गणवेश निदान फुकट देतात. बाहेर पडताना तोच पोरगा पावती बघतो आणि तिला भोक पाडतो. दहा पावलांवर त्याच्या डोळ्यांदेखत मी पैसे भरलेले असतात. त्या भोकाचे कारण मी त्याला विचारले. तो म्हणाला, "साहेब, भोक पाडायचंच असतं."

आता स्वस्ताईबद्दल. कॉमर्सचा पदवीधर इथे गप्प बसू शकत नाही. एक किलोच्या पुड्यावर लाल अक्षरांत 'महाबचत'. शेजारी त्याच डाळीचे अर्ध्या किलोचे पुडे, अक्षरे काळी. गुणाकार केला तर दोन अर्धे मिळून त्या महाबचतीपेक्षा चार रुपयांनी स्वस्त. म्हणजे बचत अर्ध्यात होती, महा तेवढे एकात होते. पूर्वी चहा, बिस्किटे, तेल, पीठ यांच्या पुड्यांची वजने सरकारने ठरवून दिलेली असत. पाव म्हणजे पाव, अर्धा म्हणजे अर्धा. 2021 सालच्या दुरुस्तीने ते बंधन काढून टाकले, आणि त्याऐवजी एका ग्रॅमला किंवा एका किलोला किती पडतात ते पुड्यावर छापायला लावले. छापतातही. मुंगीने वाचायचे ठरवले तर तिला सहज वाचता येईल. लिटरभर तेलाचे वजन 910 ग्रॅमच्या आसपास भरते. आता शेजारीशेजारी निरनिराळ्या वजनांच्या पिशव्या, उंचीला सारख्या. पोट तेवढे आत गेलेले. मी चष्मा कपाळावर चढवून, पुडा नाकाशी धरून भागाकार करत उभा होतो, तेव्हा दुकानातला दुसरा पोरगा येऊन म्हणाला, "काका, काही त्रास होतोय का? खुर्ची देऊ?"

खरे सांगायचे तर आकड्यांवरून मी कुणाशी कायमचे वैर धरत नाही. चार रुपये ही काही माझ्या आयुष्याची कमाई नव्हे. माझे खरे भांडण दुसऱ्याशी आहे, आणि तो दुसरा म्हणजे तुम्ही-आम्ही. महिन्याच्या एक तारखेला ज्यांच्या खात्यावर पगार पडतो ते सगळे.

आपण काय करतो पाहा. एक ते दहा तारखेपर्यंत आपण शॉपीत जातो. गाडी भरून माल, मोबाइलवरून रोख पैसे, पावतीला भोक. अठरा-वीस तारखेला मीठ संपते, पावशेर साखर कमी पडते, पाहुणे येतात, आणि खात्यावर घराचा हप्ता जाऊन चिल्लर उरलेली असते. तेव्हा आपण पोराला पिटाळतो. "जा रे, शेठकडून घेऊन ये. सांग, बाबा देतील." शॉपीत 'बाबा देतील' चालत नाही. तिथे यंत्र आहे. यंत्राला बाबा ठाऊक नाहीत. म्हणजे रोख तिकडे, उधार इकडे. वर पुन्हा शेठला आपण ऐकवतो, "तिकडे हाच साबण दोन रुपयांनी कमी आहे, शेठ."

मला बँकेतले समजते म्हणून सांगतो. कर्जाचा हप्ता 90 दिवस थकला की ते खाते आम्ही बुडीताच्या वाटेवरचे धरतो. थोडी अशी खाती प्रत्येक बँकेत असतात, त्याने बँक मरत नाही, कारण बाकीची खाती रोज पैसा आणून टाकत असतात. पण समजा, एके दिवशी सगळी चांगली खाती उठून शेजारच्या बँकेत गेली आणि थकलेली तेवढी मागे राहिली, तर? आमच्यावर असा प्रसंग आला तर निदान वर्तमानपत्रात छापून येते, ठेवीदार दारात बसतात, कुणीतरी साहेब दिल्लीहून येतो. शेठच्या बाबतीत तो गुपचूप आला आहे. त्याने मला वही दाखवली. बँकेतला माणूस म्हणून नव्हे, समोर दुसरे कुणी नव्हते म्हणून. पाने पाहत गेलो. पहिल्या तारखांना कोरी. विसानंतर गच्च भरलेली. आणि वर्षानुवर्षे न मिटलेल्या बाक्या कुणाच्या? ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांच्या नाहीत. ती माणसे जाताना हिशोब करून जातात. बाक्या मास्तरांच्या, तलाठ्याकडच्या माणसाच्या, एमआयडीसीवाल्यांच्या. एक पान माझेही होते. तीन हजार सातशे चाळीस.

मी म्हणालो, "शेठ, हे मागत का नाही?"

"कसं मागू साहेब? मागितलं की माणूस दुकानावरून जायचं सोडतो. मग वीस तारखेचं गिऱ्हाईकही जातं."

2020 च्या मार्चमध्ये सगळे बंद झाले तेव्हाची गोष्ट. बँक चालू होती, माझा पगार चालू होता. पण टेम्पोवाले, न्हावी, हॉटेलात भांडी घासणारी, लग्नात वाजवणारी, यांचा सगळा महिनाच वीस तारखेचा झाला. शेठने एकालाही परत पाठवले नाही. तांदूळ, तेल, साबण, मीठ. दिले आणि लिहिले. काहींचे आले, काहींचे अजून यायचे आहेत. मी तेव्हा त्याला म्हणालो होतो, "तुम्ही फार पुण्य करता." तो म्हणाला, "पुण्य कसलं साहेब, तुमच्यासारखे रोखीवाले होते म्हणून जमलं." त्या वेळी मला तो नम्रपणा वाटला. वही पाहिल्यावर कळले की तो हिशोब होता. आमची रोख हे त्यांच्या उधारीचे तारण होते. आम्ही महिन्याच्या पहिल्या आठवड्यात साखरेला दोन रुपये जास्त मोजत होतो आणि ते दोन रुपये न्हाव्याच्या घरी मीठ होऊन जात होते. कुणी कुणाचे आभार मानत नव्हते, कुणाला ठाऊकही नव्हते. आता ते दोन रुपये आमचे वाचतात. त्यांची आम्ही दहा रुपयांची पिशवी घेतो.

सौ.ला मी हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "मग शेठला म्हणावं, माल फळ्यांवर मांड, बायकांना हात लावू दे, आणि वही मोठ्याने वाचू नकोस. मी उद्यापासून तिकडे." मी म्हटले, मी सांगतो. अद्याप सांगितलेले नाही. तीन हजार सातशे चाळीस रुपये देणे असलेला माणूस दुकानदाराला सुधारणा सुचवू शकत नाही. रॉचडेलच्या विणकरांचे म्हणणे तेच होते.

वडिलांना म्हणे साहेब लोकांनी सांगितले होते की आमच्या जुन्या गावाचे शेवटी पडते दिवस आले. पाऊस कमी झाला, लांबरुंद घरे गेली आणि लोक लहान लहान गोल झोपड्यांतून राहू लागले. कोठाराचे पुढे काय झाले, हे वडिलांनी विचारले नाही. पाट्या उचलायला रोजाने असलेला माणूस किती विचारणार!

तुम्हांला वाटेल, एवढे कळल्यावर हा गृहस्थ शॉपीत जायचा थांबला असेल. नाही. मी फक्त रस्ता बदलला. घरी येताना शेठचे दुकान वेशीजवळ लागते. मोटारसायकलच्या हँडलला ती जाहिरातीची पिशवी लोंबत असली की मी शाळेमागून वळसा घेतो. तिथे एक कुत्रे आहे. ते मला ओळखू लागले आहे. एकदा समोरून बँकेचेच शिपाईमामा त्याच बोळातून येताना दिसले. त्यांच्याही हँडलला तशीच पिशवी. दोघांनीही आभाळाकडे पाहिले, पावसाची काही चिन्हे नव्हती, आणि आपापल्या वाटेने गेलो. अर्धे गाव हल्ली त्या बोळातून जाते. ग्रामपंचायतीने तिथे दिवा लावावा असा अर्ज मी करणार होतो, पण कारण काय लिहायचे?

गेल्या रविवारी दुपारी, उन्हाची वेळ साधून, मी शॉपीत गेलो. दारात नेहमीचा बिल्ला. खुंटीवर माझ्या पिशवीशेजारी एक चांगली दोन मण धान्य मावेल अशी गोणी लटकत होती, तिलाही बिल्ला. गोणी घेऊन खरेदीला येणारा हा कोण गाडीवाला, असा विचार करत मी तेलाच्या फळीकडे वळलो, तो समोर शेठ! गाडी तेलाच्या पिशव्यांनी भरलेली, आणि ती ढकलावी कशी ते न कळल्यामुळे तिला मागून ओढत चाललेला. आम्ही दोघे एकमेकांना पाहून असे दचकलो, की कुठल्या भलत्या ठिकाणी सापडलो असतो तरी एवढे दचकलो नसतो. दोघांनाही एकाच वेळी पळावेसे वाटले असावे. पण दोन्ही बाजूंना साबण होते.

शेवटी शेठच म्हणाला, "मालवाल्यापेक्षा इथं स्वस्त पडतंय साहेब. आमच्या ठोक भावापेक्षा ह्यांचा किरकोळ भाव कमी. इथून न्यायचं आन् छापील किमतीला लावायचं."

"उधारीवर?" मी विचारले.

"इथं रोख. तिथं उधार." तो हसला. मग इकडेतिकडे पाहून जवळ आला. "बरं झालं भेटलात. एका बिलावर चारच पिशव्या देतात. माझ्या चार झाल्या, पोराला घेऊन आलोय त्याच्या चार. आणखी चार तुमच्या बिलात घेता का?"

"घेतो की. पण पैसे..."

"तुम्ही भरा ना. खात्यावर वळते करून घेतो." आवाज आणखी खाली आणून तो म्हणाला, "तीन हजार सातशे चाळीस आहेत."

हे त्याने इतक्या हळू सांगितले की माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंनाही ऐकू गेले नसेल. चार पिशव्या माझ्या गाडीत आल्या. एकशे बेचाळीसप्रमाणे पाचशे अडुसष्ट. यंत्राची टींग वाजायच्या आत शेठ ओठांत पुटपुटला, "राहिले तीन हजार एकशे बहात्तर." मी मनातल्या मनात वजाबाकी ताडून पाहिली. बरोबर होती.

गल्ल्यावरच्या मुलीने माझ्याकडे पाहिले, मग शेठकडे पाहिले, आणि विचारले, "काका, पिशवी लागेल?"

आम्ही दोघेही एकदम म्हणालो, "पिशवी बाहेर आहे."